शेवाळातला अँफिपॉड नव्या प्रजातीचा आहे, हे कसे ठरवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावरच्या शेवाळात 4 ते 6 मिमी लांबीचे अँफिपॉड (कोळंबीच्या नात्यातले, बाजूने चपटे छोटे कवचधारी प्राणी) मिळाले. हाताशी असलेल्या ओळख-किल्लीत (लक्षणांवरून प्रजाती ओळखण्याच्या तक्त्यात) ते बसत नाहीत. मग ही नवी प्रजाती म्हणायची का, आणि म्हणायची तर पुढे काय करायचे?

किल्लीत बसत नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. किल्ली एखाद्या प्रदेशातल्या तेव्हा माहीत असलेल्या प्रजातींची असते आणि बहुतेक वेळा पूर्ण वाढलेल्या नरांवरून बनवलेली असते. अँफिपॉडच्या वर्णन झालेल्या प्रजाती जगभरात दहा हजारांवर आहेत. आपल्याकडचे जुने मोठे काम म्हणजे वॉकरचा 1904 चा श्रीलंकेचा अहवाल, चिल्टनचे 1921 चे चिलिका सरोवरावरचे काम, बर्नार्डने 1935 मध्ये तपासलेला इंडियन म्युझियमचा संग्रह आणि नायरांचे 1959 चे मद्रास किनाऱ्याचे काम. त्यातला मोठा भाग पूर्व किनारा आणि श्रीलंकेचा आहे. त्यामुळे कोकणातला एखादा प्राणी त्यांत सापडला नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की या लोकांच्या हाती तो आला नव्हता.

चूक दोन बाजूंनी होते. एक म्हणजे जुन्याच प्रजातीला नवे नाव देणे. दुसरी म्हणजे खरोखर नव्या प्राण्याला ‘पॅरहायली हवायन्सिस’ किंवा ‘अँपिथो रामोन्डी’ अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या नावाखाली ढकलून देणे. माझ्या मते उष्ण कटिबंधातल्या याद्यांमध्ये दुसरी चूक कितीतरी जास्त आहे. पहिले नाव डानाने 1853 मध्ये हवाईच्या नमुन्यांवरून दिले, दुसरे ऑदुआँने 1826 मध्ये इजिप्तच्या नमुन्यांवरून. अँफिपॉडला पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी-अवस्था नसते. पिल्ले आईच्या पोटाखालच्या पिशवीतून थेट छोट्या प्रौढांच्या रूपात बाहेर पडतात. असा प्राणी हवाईपासून मालवणपर्यंत एकच असेल, तर तो तुटलेल्या तरंगत्या शेवाळावरून किंवा जहाजांच्या बुडाला चिकटून आला असला पाहिजे. दोन्ही शक्य आहे, पण ते गृहीत न धरता तपासायला हवे. उलट मुंबई किंवा मुरगाव बंदराजवळ काही अनोळखी मिळाले, तर नवी प्रजाती म्हणण्याआधी बाहेरून आलेल्या प्रजातीचा संशय घ्या. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला विशाखापट्टण आणि मुंबईच्या गोदीत असाच पोचला होता.

आता कामाकडे वळू. सगळ्यात जास्त नुकसान गोळा करतानाच होते, म्हणून इथे घाई नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी गाठा. शेवाळ उपटून बादलीत नेलेत, तर वाटेत निम्मे प्राणी उड्या मारून जातात. शेवाळाच्या गुच्छावर पाण्यातच झिपची पिशवी चढवा, मग सुरीने मुळाशी कापा आणि तोंड तिथेच बंद करा. सरगॅसम, अल्वा, कोरलसारखे कडक शेवाळ, प्रत्येकाची पिशवी वेगळी. अनेक प्रजाती ठराविक शेवाळातच राहतात आणि ही माहिती नंतर कुठूनही मिळत नाही. किनाऱ्यावर पिशवीतला माल गोड्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन मिनिटे हलवा. गोड्या पाण्याच्या धक्क्याने प्राणी शेवाळ सोडतात. ते पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. पिल्लेही हवी असतील तर खाली 0.3 मिमीची दुसरी चाळणी लावा. शेवाळ दुसऱ्यांदा धुवून पाहा, कारण स्वतः बांधलेल्या नळीत राहणारे प्राणी पहिल्या धुण्यात निघत नाहीत.

काही जिवंत प्राणी समुद्राच्या पाण्यात बाजूला ठेवा आणि त्यांचे फोटो काढा. डोळ्यांचा रंग, पाठीवरचे पट्टे, पायांवरचे ठिपके अल्कोहोलमध्ये थोड्याच वेळात उडतात. त्याच वेळी जोड्या शोधा. हायलिडी कुळातला नर मादीला पकडून तिच्या कात टाकण्याची वाट बघत फिरतो. अशी जोडी दिसली की ती स्वतंत्र नळीत घाला, कारण अल्कोहोलमध्ये पडताच ते सुटतात आणि मग कोणती मादी कोणत्या नराची हे कळत नाही. एकाच शेवाळात दोन-तीन जवळच्या प्रजाती राहत असतील तर माद्या ओळखण्याचा हा सर्वात भरवशाचा पुरावा आहे.

टिकवण्यासाठी 95 टक्के इथेनॉल वापरा. एक भाग माल आणि किमान दोन भाग अल्कोहोल, आणि 24 तासांच्या आत एकदा बदला. प्राण्यांच्या शरीरातले पाणी अल्कोहोल पातळ करते. शेवाळाचे तुकडे राहिले असतील तर जास्तच. नळी गच्च भरली की मधले प्राणी सडतात, डीएनए जातो आणि पाय गळून पडतात. फॉर्मेलिनमध्ये आकार छान राहतो, पण डीएनएचे काम जवळजवळ संपते. म्हणून फॉर्मेलिन हवेच असेल तर थोडाच भाग त्यात ठेवा आणि दोन्ही नळ्यांवर तसे लिहा. चिठ्ठी नळीच्या आत असावी, पेन्सिलने किंवा पक्क्या काळ्या शाईने लिहिलेली. बॉलपेन अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, लेझर प्रिंटची अक्षरेही कधीकधी सुटून तळाशी बसतात. अक्षांश-रेखांश, तारीख, शेवाळाचे नाव, कातळाची भरतीरेषेपासूनची उंची आणि गोळा करणाऱ्याचे नाव, इतके तरी हवेच.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून वन्यजीव कायद्याखाली आहे. त्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका. परवान्याचा क्रमांक शोधनिबंधात द्यावा लागतो आणि तो नंतर तयार करता येत नाही.

आता मायक्रोस्कोपखाली. एका नमुन्यावर प्रजाती ठरवायची नाही. निदान 10 ते 15 पूर्ण वाढलेले नर, अंडी असलेल्या काही माद्या आणि वेगवेगळ्या आकाराची पिल्ले अशी मालिका हवी. त्यातला सर्वात मोठा, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) न तुटलेला नर निवडा, आधी अख्ख्या प्राण्याचा बाजूने फोटो घ्या आणि लांबी मोजा. अल्कोहोलमध्ये अँफिपॉड आक्रसून वाकडा होतो, म्हणून लांबी डोक्याच्या टोकापासून टेल्सनपर्यंत (शरीराच्या मागच्या टोकाची छोटी पट्टी) पाठीच्या वळणावरून मोजतात. सरळ रेषेत मोजलेली लांबी दुसऱ्याच्या मोजमापाशी जुळणार नाही.

अल्कोहोलमधून थेट ग्लिसरीनमध्ये टाकलेला नमुना चिंबून जातो. अल्कोहोलमध्ये थोडे ग्लिसरीन मिसळून वाटी अर्धवट झाकून रात्रभर ठेवा. अल्कोहोल उडून जाते आणि प्राणी हळूहळू ग्लिसरीनमध्ये येतो. मग एकाच बाजूची उपांगे काढा, दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या. सुरुवात मागून: तिसरा यूरोपॉड (शेपटीकडचे दुफांदी उपांग) आणि टेल्सन, मग दुसरा-पहिला यूरोपॉड, प्लिओपॉड (पोटाखालचे पोहण्याचे पाय), सातव्यापासून तिसऱ्यापर्यंतचे पेरिओपॉड (चालण्याचे पाय), मग ग्नॅथोपॉड म्हणजे पकडीच्या पायांच्या दोन जोड्या, आणि शेवटी मुखांगे. पाय ओढायचा नाही, कोक्सल पट्टीच्या (पायाच्या मुळाशी असलेल्या पट्टीच्या) वरच्या काठाने सुई फिरवून सोडवायचा. ओढला तर पट्टी अंगालाच राहते आणि तिचा आकार हे महत्त्वाचे लक्षण हातचे जाते. कीटकांसाठीच्या सर्वात बारीक पिना काडीत बसवल्या तरी सुया म्हणून चालतात. मुखांगांसाठी मात्र धार केलेली टंगस्टनची तार हवी.

स्लाइडवर ग्नॅथोपॉड ठेवून कव्हरस्लिप सोडली की तो फिरतो किंवा दबतो आणि पकडीच्या कडेचा कोन बदललेला दिसतो. ‘नव्या’ प्रजातींचे कितीतरी फरक या दाबातून निर्माण झालेले असतात. म्हणून कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांखाली फुटक्या काचेचे बारीक तुकडे ठेवा, आणि प्रत्येक उपांग आतल्या बाजूने दिसते आहे की बाहेरच्या, हे स्लाइडवर लिहा. चित्रे काढण्यासाठी ग्लिसरीन पुरते. कायमच्या स्लाइडसाठी युपॅराल बरे. पॉलिव्हिनाइल लॅक्टोफिनॉल सोपे असले तरी वर्षांनी तडकते किंवा त्यात खडे होतात, आणि प्रकारनमुना (ज्यावर प्रजातीचे नाव आधारलेले असते तो नमुना) तसा गमावणे बरे नव्हे.

काय पाहायचे? कोकणातल्या कातळावरच्या शेवाळात तुम्हाला बहुधा दोन कुळे भरपूर मिळतील. अँपिथोइडी: तिसऱ्या यूरोपॉडच्या बाहेरच्या फांदीवर दोन आकडे, टेल्सन अखंड आणि मांसल, तिसऱ्या-चौथ्या पेरिओपॉडचा वरचा भाग रेशीमग्रंथींनी फुगलेला, कारण हे प्राणी शेवाळाची पाने चिकटवून घर करतात. हायलिडी: टेल्सन मधोमध चिरलेले, मॅन्डिबलला (जबड्याला) पाल्प म्हणजे स्पर्शक नाही, नराचा दुसरा ग्नॅथोपॉड भलामोठा. इथपर्यंत स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली कळते.

पुढचा टप्पा कसा फसतो ते हायलिडीतच दिसते. ‘हायली’ आणि ‘पॅरहायली’ या दोन जीनसमधला (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) ठळक फरक तिसऱ्या यूरोपॉडवर आहे. पॅरहायलीत बाहेरच्या फांदीच्या बुडाशी आतली फांदी खवल्यासारखी इवलीशी उरलेली असते, हायलीत ती नसते. 5 मिमीच्या प्राण्यात हा खवला मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा असतो. स्टिरिओखाली तो दिसत नाही, आणि स्लाइडवर यूरोपॉड बाजूने पडला असेल तर बाहेरच्या फांदीमागे लपतो. यूरोपॉड टेल्सनपासून वेगळा करा, ग्लिसरीनच्या थेंबात फिरवत 400 पट मोठा करून आतल्या बाजूने पाहा, आणि दोन्ही बाजूंचे पाहा. हे न करता ‘हायलीची अनोळखी प्रजाती’ म्हणून ठेवलेले नमुने पुन्हा उघडले की पॅरहायली निघतात. जीनसच चुकला असेल, तर पुढची सगळी तुलना चुकीच्या यादीशी होते.

जीनस पक्का झाला की प्रजातीची लक्षणे: नराच्या दुसऱ्या ग्नॅथोपॉडच्या प्रोपोडसची (टोकाकडून दुसऱ्या खंडाची) लांबी-रुंदी, पकडीच्या कडेची तिरकस रेषा आणि तिच्यावरच्या काट्यांच्या रांगा, डॅक्टिलसचे (शेवटच्या नखीसारख्या खंडाचे) टोक कुठे टेकते, पहिल्या ग्नॅथोपॉडच्या कार्पसचा (प्रोपोडसच्या आधीच्या खंडाचा) उंचवटा, मॅक्झिलिपेडच्या (मुखाजवळच्या पायासारख्या उपांगाच्या) पाल्पचे शेवटचे खंड, सहाव्या-सातव्या पेरिओपॉडच्या प्रोपोडसवरचे जाड काटे, पहिल्या यूरोपॉडच्या देठावर टोकाकडचा मोठा काटा, पोटाच्या खंडांच्या बाजूच्या तिन्ही एपिमेरल पट्ट्यांचे मागचे कोपरे. बारीक केसांची संख्या शेवटी. ती वयाप्रमाणे वाढते.

म्हणूनच मालिका लागते. नराची पकड दर कात टाकल्यावर शरीरापेक्षा वेगाने मोठी होते, त्यामुळे कोवळा नर मादीसारखा दिसतो. काही प्रजातींत प्रौढ नरच दोन रूपांत येतात. जॅसा या जीनसमध्ये पकडीवर लांब अंगठा असलेले ‘मोठे’ आणि आखूड अंगठ्याचे ‘छोटे’ असे दोन्ही नर एकाच प्रजातीत असतात. हे कॅथलीन कॉनलन यांनी 1990 च्या आसपास व्यवस्थित दाखवेपर्यंत या जीनसमधल्या नावांचा फार मोठा गोंधळ होता. एखादा पाय तुटून पुन्हा उगवला असेल तर तो लहान असतो आणि त्यावर काटे कमी असतात, म्हणून दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. कात टाकण्याच्या बेतात असलेल्या प्राण्यात जुन्या केसांच्या आत नवे केस दिसतात, तेव्हा दुहेरी रेषा मोजू नका. परजीवींमुळे नर-मादीची लक्षणे एकत्र झालेले प्राणीही मिळतात. पकड मोठी आणि पोटाखाली पिशवीच्या पट्ट्याही, असा एकटा नमुना कितीही आकर्षक वाटला तरी त्यावर काही उभारू नका.

तुलनेचे काम टेबलावरचे आहे, आणि नवेपणाचा निर्णय खरा इथे होतो. जागतिक सागरी प्रजातींच्या नोंदवहीतल्या अँफिपॉड विभागातून त्या जीनसची सगळी वैध नावे काढा. शिवाय आज समानार्थी म्हणून बाद केलेली नावेही काढा, कारण तुमचा प्राणी बाद झालेल्या नावाचा असेल तर नवे नाव द्यायचे नसते, जुने पुन्हा उभे करायचे असते. प्रत्येकाचे मूळ वर्णन मिळवा. 1920 पूर्वीची बरीचशी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मोफत आहेत. मग तक्ता करा: आडव्या ओळीत प्रजाती, उभ्या रकान्यात लक्षणे, आणि प्रत्येक घर मूळ वर्णन किंवा चित्रावरून भरा. जिथे माहिती नाही तिथे घर रिकामे ठेवा, अंदाजाने भरू नका. हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकपुरते थांबू नका. जहाजांना महासागराच्या सीमा नसतात.

तक्त्यात दोन-तीन जवळच्या प्रजाती उरतात आणि त्यांची जुनी वर्णने नेमकी हव्या त्या लक्षणावर गप्प असतात. तेव्हा त्या प्रकारनमुन्यांचे फोटो त्या संग्रहालयाकडून मागवा किंवा मूळ ठिकाणचे ताजे नमुने असलेल्या अभ्यासकाला विचारा. यात महिने जातात. पण हा टप्पा टाळून दिलेले नाव पुढच्या माणसाच्या तक्त्यात अडचण होऊन बसते. नमुनेच परदेशी पाठवायचे असतील तर जैवविविधता कायद्याचे नियम आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आधी पाहा.

डीएनए जोडीला हवा. मायटोकॉन्ड्रियाच्या सीओआय जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा तुकडा हा नेहमीचा भाग. फोल्मरचे 1994 चे प्रायमर (जनुकाचा तुकडा वाढवायला लागणारे डीएनएचे आखूड धागे) अँफिपॉडवर अनेकदा चालत नाहीत, म्हणून कवचधारींसाठी सुधारलेले प्रायमर जवळ ठेवा. दोन-तीन प्लिओपॉड किंवा एका बाजूचे पाय पुरतात. छोट्या प्राण्यात अख्खा नमुना प्रोटिनेज-के या प्रथिने विरघळवणाऱ्या विकरात 56 अंशांवर रात्रभर ठेवून द्रव काढून घेता येतो. स्नायू विरघळतात, कवच शाबूत राहते आणि स्लाइडसाठी जास्तच स्वच्छ होते. निदान पाच प्राणी वाचा, त्यात मादीही असू द्या. क्रम मिळाला की प्रथिनात भाषांतर करून मध्येच थांब-संकेत येतो का पाहा. येत असेल तर तो केंद्रकात शिरलेला निकामी तुकडा असू शकतो. पोटातल्या शेवाळाचा किंवा जिवाणूंचा क्रमही कधी येतो.

जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात 82 टक्के जुळणी दाखवली, म्हणजे नवी प्रजाती असे नव्हे. तिथे तुमच्या प्राण्याचा नातेवाईक कोणी टाकलेलाच नाही, एवढेच त्यातून कळते. पुष्कळ क्रमांवर नावेही चुकीची असतात. पक्ष्या-माशांसाठी वापरला जाणारा दोन-तीन टक्क्यांचा नियम इथे लावू नका. अँफिपॉडच्या एकाच प्रजातीत दूरच्या किनाऱ्यांमध्ये त्याहून जास्त फरक मिळू शकतो. आकारातला पक्का फरक, सीओआयमधली स्पष्ट दरी आणि 28 एस सारख्या केंद्रकातल्या जनुकाचा त्याला दुजोरा, हे तिन्ही जुळले तर नवी प्रजाती म्हणा. डीएनए वेगळा पण शरीर सारखे, असे झाले तर आधी 400 पटीवर पुन्हा बघा. फरक सापडलाच नाही तर सध्या खुल्या नावाने ठेवा, ‘पॅरहायली प्रजाती 1’. एकच मादी मिळाली असेल तरी तसेच करा.

नाव द्यायचे ठरले, तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती पाळावी लागते, 1 जानेवारी 2000 पासून लागू असलेली. प्रजाती नवी आहे हे स्पष्ट लिहावे लागते, एक होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकमेव नमुना) ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे वा जाणार आहे हे सांगावे लागते. होलोटाइप पूर्ण वाढलेला नर निवडा. त्याची स्लाइडवरची उपांगे आणि नळीतले उरलेले अंग यांवर एकच नोंदणी क्रमांक घाला, नाहीतर वीस वर्षांनी ती दोन वेगळी जनावरे समजली जातात. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे प्रकाशनाआधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद आणि तिचा उल्लेख मजकुरात हवा. तो राहिला तर नाव वैध होत नाही. ठिकाणावरून नाव द्यायचे तर ‘कोंकणेन्सिस’सारखा प्रत्यय लावतात, व्यक्तीवरून द्यायचे तर पुरुषासाठी शेवटी ‘आय’ आणि स्त्रीसाठी ‘एई’. स्वतःचे नाव देत नाहीत. त्या जीनसमध्ये तेच नाव आधी कोणी वापरले नाही ना, हेही बघा. आणि शोधनिबंध छापून येईपर्यंत ते नाव पोस्टर, प्रबंध किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत येऊ देऊ नका.

जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या भांडाराला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. सागरी प्राण्यांसाठी कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा गोव्यातली दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. निबंध पाठवण्याआधीच संपर्क करून नोंदणी क्रमांक घ्या, कारण संपादक तो मागतोच. होलोटाइप एका ठिकाणी आणि पॅराटाइप (वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने) दोन ठिकाणी वाटून ठेवा. डीएनए ज्या प्राण्यांतून काढला त्यांचे उरलेले कवचही त्याच क्रमांकांनी जमा करा आणि जेनबँकेतल्या नोंदीत तो क्रमांक लिहा, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर क्रमापासून प्राण्यापर्यंत जाता येईल.